जात्याची घरघर आणि आवाजाची कात्री

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बावीस कॅसेटी निघाल्या. त्यातल्या एकीवर वडिलांच्या अक्षरात ‘हळद, १९८९’ एवढंच लिहिलेलं. मोठ्या आत्याचं लग्न त्या साली कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी झालं, आणि हळद दळायला बसलेल्या बायकांजवळ वडिलांनी टेपरेकॉर्डर ठेवून दिला होता. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू, म्हणजे अर्धा तास, आजी आणि तिच्यासमोर बसलेली आणखी कुणी बाई जात्याच्या खुंट्याला हात घालून ओव्या म्हणतायत.

दोन वर्षांपूर्वी मी ती कॅसेट संगणकात उतरवून घेतली. टेपची सततची सरसर कानाला खटकत होती, म्हणून आवाज स्वच्छ करण्याची सोय वापरली. गाणं सुरू होण्याआधीची दोन सेकंदं निवडली, ‘हा गोंगाट’ असं सॉफ्टवेअरला सांगितलं आणि तो सगळ्या रेकॉर्डिंगमधून काढायला लावला. सरसर गेली, आणि तिच्याबरोबर जातंही गेलं. त्या दोन सेकंदांत जातं फिरत होतं, हे मी नीट ऐकलंच नव्हतं. उरला तो आजीचा आवाज, पाण्याखालून आल्यासारखा, आणि ओळींमधल्या जागा, जिथे ती का थांबते हे आता कळेना. ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. श्वास कुठे घ्यायचा, ओळ कुठे लांबवायची, हे खुंटा ओढणारा हात ठरवतो. फेरा पुसला की ओवीचा तालच पुसला जातो.

सॉफ्टवेअरनं सांगितलं तेवढं चोख केलं होतं. गाणं कुठलं आणि गोंगाट कुठला, हे मीच त्याला चुकीचं सांगितलं. घरचं रेकॉर्डिंग दुरुस्त करायला घेतलं की प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न पुढे येतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याही बटणात नसतं. कॅसेट शाबूत होती म्हणून मला पुन्हा सुरुवात करता आली. त्या दुसऱ्या खेपेला जे शिकलो ते इथे सांगतो.

मी वापरतो ते सॉफ्टवेअर म्हणजे ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि मे २००० मध्ये ते लोकांच्या हाती दिलं. ते फुकट मिळतं, साध्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. रीपर, गॅरेजबँड किंवा दुसरं काही वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, आतला हिशोब तोच राहील.

तो हिशोब असा. आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारा सततचा चढउतार. संगणक हा चढउतार ठरावीक अंतरानं मोजतो आणि प्रत्येक मोजणी आकड्यात लिहितो. सीडीसाठी ठरलेला वेग आहे सेकंदाला ४४,१०० मोजण्या. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि कुठलीही कंपनं नेमकी पकडायची तर त्यांच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून चाळीस हजारांच्या थोडं वर. पण नेमके ४४,१०० का? सीडी आली त्या काळात एवढे आकडे साठवायची सोय व्हिडिओ टेपवर होती. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मोजण्या, वापरता येतील अशा २४५ ओळी, आणि सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून पाहा. आज आपल्या फोनमधल्या गाण्यात तो व्हिडिओ टेपचा आकडा अजून नांदतोय.

दुसरा आकडा बिटचा. प्रत्येक मोजणी किती बारकाईनं लिहायची, ते बिट ठरवतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटमध्ये एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त. एक बिट वाढला की सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे सहा डेसिबलनं वाढतं. ऐकायला १६ बिट पुरतात, काम करायला पुरत नाहीत. आवाज वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला की प्रत्येक वेळी आकडे जवळच्या पायरीवर बसवावे लागतात, आणि त्या बारीक चुका साचत जातात. म्हणून ऑडॅसिटी आतलं काम ३२ बिट फ्लोट नावाच्या पद्धतीनं करतं. ती सेटिंग तशीच राहू द्यावी.

कॅसेट उतरवताना निम्मं यश संगणकाच्या बाहेर ठरतं. प्लेअरचं हेड आधी कापसाच्या बोळ्यानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावं. जुन्या टेपचा तपकिरी थर तिथे चिकटून बसलेला असतो आणि त्यानं आवाज बोजड येतो. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो हेडचा कोन बदलतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी किंचित फिरवत गेलं की एका जागी ‘स’, ‘श’ अशी अक्षरं एकदम उघडतात. ती जागा प्रत्येक कॅसेटला वेगळी असू शकते, कारण ज्या यंत्रावर ती भरली गेली त्याच्या हेडचा कोन वेगळा होता. सॉफ्टवेअरमध्ये नंतर कितीही खटपट केली तरी या दोन मिनिटांच्या कामाची भरपाई होत नाही.

बऱ्याच लॅपटॉपना आता हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं, आणि ते माइकच्या नाजूक आवाजासाठी बनवलेलं असतं. कॅसेट प्लेअरचा जोरकस आवाज त्यात फाटतो. यूएसबीला लागणारा, लाइन-इन असलेला छोटा ऑडिओ इंटरफेस घेतला की हा त्रास संपतो. रेकॉर्ड करताना पातळीचा पट्टा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान नाचत राहील असं पाहावं. डिजिटलमध्ये शून्य हे छत आहे. टेपवर आवाज जास्त झाला तर तो हळूहळू जाडाभरडा होतो; इथे मात्र लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तो कापलेला भाग पुन्हा येत नाही. आवाज हळू वाटला तर नंतर वाढवता येतो, त्यामुळे घाबरून बटण पुढे सरकवू नये.

नव्यानं रेकॉर्ड करतानाही निम्मं यश संगणकाच्या बाहेरच ठरतं. घरात फोन किंवा माइक ठेवून कुणी गात असेल तर आधी पंखा बंद, फ्रिज शक्यतो बंद, लॅपटॉपचा चार्जर काढलेला. चार्जर लावून ठेवला की बऱ्याचदा बारीक गुणगुण येते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती गुणगुण ५०, १००, १५० अशा पटींमध्ये बसते. रिकाम्या फरशीच्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि तो परतलेला आवाज गाण्यातून वेगळा काढायचा सोपा उपाय नाही. गादी उभी करावी, दोरीवर गोधड्या टाकाव्यात, साड्यांनी भरलेलं कपाट उघडून ते पाठीशी येईल असं गाणाऱ्याला बसवावं. ही व्यवस्था दिसायला साधी आहे, पण तिचा परिणाम महागड्या माइकपेक्षा जास्त होतो.

रेकॉर्डिंग संपलं की कात्री हातात घेण्याआधी एक काम. जसं आलं तसं ते एक्स्पोर्ट करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि त्या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. पुढचं सगळं प्रतीवर.

माझ्या कॅसेटच्या बाबतीत आधी वेगाचा प्रश्न होता. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी, पण पट्टा सैलावलेल्या यंत्रात ती तशी सरकत नाही, आणि वेग बदलला की सूरही बदलतो. आजीचा आवाज मला तिच्यापेक्षा तरुण वाटत होता. मूळ सूर कळायचा कसा? त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला भजन होतं आणि त्यात आमच्या घरचीच पेटी वाजत होती. ती पेटी अजून आहे. तिचं काळी पाच दाबलं आणि टेपवरच्या काळी पाचशी ताडून पाहिलं, तर टेपवरचा सूर काळी पाच आणि त्यावरची पांढरी यांच्या साधारण मध्ये होता. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर वेगाच्या हिशोबात सुमारे सहा टक्के भरतं, म्हणजे माझं यंत्र तीन टक्के जलद चाललं होतं. ऑडॅसिटीत वेग आणि सूर एकत्र बदलणारा इफेक्ट आहे. तोच वापरायचा, कारण टेपवर दोन्ही एकत्रच बिघडलेले असतात. उणे तीनच्या आसपास आणला आणि आजीचा आवाज वयानं आपल्या जागी आला. पेटीच्या पत्त्या पस्तीस वर्षांत थोड्या उतरल्या असतील, तरी घरात याहून चांगली मोजपट्टी नव्हती.

आता गोंगाट. नॉइज रिडक्शन कसं काम करतं, हे एकदा समजलं की ते जपून वापरलं जातं. आपण निवडलेल्या तुकड्याचं सॉफ्टवेअर बारीक बारीक पट्ट्यांमध्ये विभाजन करतं: खालचे सूर, त्यावरचे, त्यावरचे, असे शेकडो कप्पे. प्रत्येक कप्प्यात गोंगाट किती आहे त्याची नोंद ठेवतं. मग सगळं रेकॉर्डिंग तपासत जातं आणि ज्या क्षणी ज्या कप्प्यातला आवाज त्या नोंदीच्या खाली दिसेल, तिथे तो आणखी दाबतं. म्हणजे अखंड आणि एकसारखा आवाज त्याला गोंगाट वाटतो. हे ठोकताळे टेपच्या सरसरीला लागू पडतात. जात्याच्या घरघरीलाही लागू पडतात. आणि तानपुऱ्याला तर सर्वांत जास्त. तानपुरा अखंड वाजतो, गाण्याच्या आधी सुरू होतो, नंतर संपतो. ‘गाण्याआधीचा शांत भाग निवडा’ हा सल्ला आपल्या बैठकीच्या रेकॉर्डिंगवर जसाच्या तसा पाळला, तर जवारीतून उमटणारे सगळे बारीक उपस्वर सॉफ्टवेअर इमानेइतबारे गोंगाट म्हणून काढून टाकेल आणि गायक निराधार उभा राहील.

मी दुसऱ्या खेपेला अर्धा तास पुन्हा ऐकला, हातात कागद घेऊन. अकराव्या मिनिटाला वैरण घालायला हात थांबतात, कुणी बोलत नाही, जातं थांबलेलं, आणि जेमतेम अर्धं सेकंद फक्त टेपची सरसर आहे. तेवढंच निवडलं. दाबायचं प्रमाण सहा डेसिबल ठेवलं, जास्त नाही. आणि त्याच खिडकीत एक पर्याय असतो, ‘रेसिड्यू’. तो निवडला की सॉफ्टवेअर उरलेलं गाणं न ऐकवता आपण काय काढून टाकतोय ते ऐकवतं. माझ्या मते या संपूर्ण सॉफ्टवेअरमधली ही सर्वांत मोलाची सोय आहे. काढलेल्या कचऱ्यात नुसती सरसर ऐकू आली तर ठीक. त्यात शब्दाची सावली, बांगडीचा नाद, घुमारा ऐकू आला, तर हात आखडता घ्यायचा. सरसर थोडी राहिली तरी कान दोन मिनिटांत तिच्या पलीकडचं ऐकू लागतो. पाण्याखालच्या आवाजाची सवय मात्र कधीच होत नाही.

खालचे सूर कापणाऱ्या फिल्टरचंही तसंच. ‘८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, कारण तिथे रहदारीची धडधड आणि टेबलाला बसलेले धक्के असतात. बाईच्या आवाजासाठी तो चालतो. काळी पाचचा तिचा षड्ज सुमारे २३३ हर्ट्झवर असतो. पण काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ च्या आसपास आणि खर्जाचा षड्ज ६९ वर. त्यानं पहाटे खर्ज भरलेला असेल तर तो फिल्टर नेमका खर्जाच्या मुळावर चालतो. डग्ग्याची घुमक त्याच भागात राहते. कुठलाही आकडा लावण्याआधी गाणाऱ्याची पट्टी विचारावी.

सूर दुरुस्त करणाऱ्या साधनांबद्दल मी जरा जास्त बोलेन, कारण फोनवरची गाण्याची ॲप्स ती न विचारता लावतात. या साधनांचा आद्य नमुना ऑटोट्यून. अँडी हिल्डब्रँड या माणसानं तो १९९७ मध्ये बाजारात आणला. त्याआधी तो जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींसारख्या संकेतांचं गणित करत असे. तेच गणित गळ्याला लावलं: सूर ओळखायचा आणि जवळच्या ठरलेल्या सुरावर नेऊन बसवायचा. ठरलेले सूर बारा, पेटीच्या पट्ट्यांसारखे, समान अंतरावर. आपल्याकडे या बारा पट्ट्यांवरून मोठा वाद झालेला आहे. श्रुती आणि मींड पेटीत येत नाहीत या आक्षेपावरून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटी निदान गायकाच्या मागे वाजत होती. गायक तिच्या दोन पट्ट्यांमधून हवा तसा फिरू शकत होता. सूर दुरुस्त करणारं साधन थेट गळ्याला पकडतं. दरबारीतला आंदोलित गंधार त्याला चुकलेला सूर वाटतो. ‘सा’वरून ‘प’वर जाणारी मींड त्याला पायऱ्यांवरून घसरल्यासारखी दिसते आणि ते तिथे पायऱ्या बांधून देतं. ओवीत तर अनेक सूर पेटीवर सापडणारच नाहीत असे असतात, आणि तोच तिचा मुलूख आहे. घरातलं लहान मूल गात असेल आणि त्याचा सूर हलत असेल, तरी तो त्या वयाचा त्याचा खरा सूर आहे. तो आहे तसा ठेवण्यासारखा आहे.

कापाकापीचं तंत्र मात्र निःसंकोच शिकावं. खोकला, मध्येच वाजलेला फोन, दोनदा म्हटलेली ओळ, हे काढायला हरकत नाही. पण कापलेल्या जागी ‘टक्’ असा आवाज का येतो? लाट वर असताना कापली आणि पुढची लाट खाली असताना जोडली, की स्पीकरच्या पडद्याला एका क्षणात उडी मारावी लागते. तीच ‘टक्’. म्हणून दोन्ही बाजू मधली रेघ ओलांडतात तिथेच कापायचं. ऑडॅसिटीत भाग निवडून ‘झेड’ची कळ दाबली की निवडीची टोकं आपोआप त्या रेघेवर सरकतात. तानपुरा चालू असेल तर एवढ्यानं भागत नाही; दोन तुकडे थोडे एकमेकांवर ठेवून एक उतरवत दुसरा चढवावा लागतो. आणि श्वास कापू नयेत. पडद्यावर ते छोट्या ढेकळांसारखे दिसतात आणि नीटनेटकेपणाच्या नादात हात त्यांच्याकडे जातो. श्वास नसलेलं गाणं ऐकताना ऐकणाऱ्यालाच धाप लागते. रिकाम्या जागा आपोआप आखडून घेणारी एक सोय आहे, तिच्या वाटेलाही जाऊ नये. समेआधी गायक क्षणभर थांबतो तेव्हा तबला पुढे चाललेला असतो. बिनसाथीच्या गाण्यात मात्र ती जागा यंत्राला रिकामी वाटते.

आवाजाची एकूण पातळी शेवटी ठरवायची. सर्वांत उंच लाट उणे एक डेसिबलवर आणून ठेवली की बहुतेक कामं भागतात. त्याहून वर नको, कारण पुढे एमपीथ्री करताना लाटा थोड्या उसळतात आणि छताला लागतात. लहान आवाज मोठा आणि मोठा आवाज लहान करून सगळं सपाट करणारा कंप्रेसर बोलण्याच्या रेकॉर्डिंगला उपयोगी आहे. ख्यालात आलापाच्या कुजबुजीपासून तानेच्या जोरापर्यंतचं जे अंतर आहे ते गायकानं कमावलेलं असतं. मी तिथे तो वापरत नाही. मोठ्या श्रवणसेवांवर गाणं चढवणार असाल तर उणे १४ एलयूएफएस हा आकडा लक्षात ठेवावा. कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं ते माप आहे, आणि स्पॉटिफाय साधारण त्या पातळीला गाणी आणून वाजवतं. त्याहून मोठं केलेलं गाणं तिथे कमीच केलं जातं.

आता एक्स्पोर्ट. इथे बहुतेकांची पहिली चूक एकच असते: काम ‘सेव्ह’ करतात आणि ती फाइल नातेवाइकांना पाठवतात. ती उघडत नाही. सेव्ह केल्यावर जी एयूपीथ्री फाइल तयार होते तो प्रोजेक्ट असतो, शिलाईयंत्रावर अर्धवट ठेवलेल्या कापडासारखा. तो फक्त ऑडॅसिटीच उघडू शकतं. ऐकण्याची वस्तू हवी तर एक्स्पोर्ट करावं लागतं, आणि तिथे कशात करायचं हे विचारलं जातं.

जपून ठेवायची प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये. वेव्ह हा मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमनं १९९१ मध्ये आणलेला साधा डबा: मोजण्या जशा आहेत तशा, काही न गाळता. सीडीच्या दर्जाची एक तासाची स्टिरिओ फाइल सुमारे ६३५ एमबी होते. फ्लॅक हेच आकडे घडी घालून ठेवतो, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास जागेत, आणि उलगडल्यावर एकही आकडा बदललेला नसतो. त्यात गायकाचं नाव, तारीख अशा नोंदीही नीट बसतात, म्हणून माझी पसंती फ्लॅकला. जुन्या एका माइकच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट असेल तर दोन्ही बाजूंना तोच आवाज असतो. अशा वेळी डावी आणि उजवी बाजू ऐकून जी स्वच्छ असेल ती एकच ठेवावी. जागा निम्मी लागते. दोन्ही मिसळल्या आणि हेडचा कोन जरासा चुकलेला असला, तर वरचे सूर एकमेकांना खोडतात.

पाठवायची प्रत एमपीथ्रीत. १२८ केबीपीएसची एमपीथ्री म्हणजे सीडीच्या आकड्यांपैकी अकरावा हिस्सा. बाकीचे दहा हिस्से फेकलेले. काय फेकायचं ते ठरवताना ही पद्धत कानाच्या एका मर्यादेचा फायदा घेते. मोठ्या आवाजाच्या शेजारचा हळू आवाज कानाला ऐकूच येत नाही, मग तो लिहायचा कशाला? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतले कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे या पद्धतीच्या प्रमुख कर्त्यांपैकी एक. वाद्यवृंद बऱ्यापैकी जमू लागले होते, तेव्हा त्यांनी सुझॅन व्हेगा या गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे बिनसाथीचं गाणं लावून पाहिलं आणि आवाजाची पार वाट लागली. मग तेच गाणं पुन्हा पुन्हा लावून त्यांनी आपली पद्धत सुधारली. कारण उघड आहे: एकट्या बाईच्या आवाजाशेजारी झाकायला दुसरं काही नसतं, त्यामुळे गाळलेलं सगळं उघडं पडतं. आजीच्या ओवीची जात तीच. म्हणून एकट्या गळ्यासाठी मी १९२ केबीपीएसच्या खाली जात नाही. तासाला ८६ एमबी, आजच्या फोनला काहीच नाहीत.

एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री कधी करू नये. प्रत्येक वेळी गाळलेल्यातून पुन्हा गाळलं जातं. दुरुस्ती करायची तर फ्लॅककडे परत जायचं. आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती आहे तशी पोचते. स्पीकरवर वाजवून दुसऱ्या फोननं व्हॉइस नोट करणं सोपं वाटतं, पण व्हॉइस नोट बोलण्यासाठी बनवलेली आहे आणि गाण्याला ती फार तोकडी पडते.

एमपीथ्रीची आणखी एक गोष्ट तबला शिकणाऱ्यांच्या घरात उपयोगी पडेल. माझा भाचा रियाजाला लेहरा लावतो. मी त्याला पेटीवर तीनतालाचं एक आवर्तन वाजवून दिलं, मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत, म्हणजे सोळा मात्रांना नेमकी बारा सेकंदं. ते फिरवत ठेवलं की अखंड लेहरा मिळेल असा विचार. पण दर फेऱ्याला बरोबर समेवर तो अडखळायचा. चूक माझ्या वाजवण्यात शोधत बसलो होतो, ती फाइलमध्ये निघाली. एमपीथ्री मोजण्यांना १,१५२ च्या चौकटींत बसवते. बारा सेकंदांच्या ५,२९,२०० मोजण्यांच्या ४५९ चौकटी भरतात आणि थोड्या मोजण्या उरतात. त्यांच्यासाठी आणखी एक चौकट घेतली जाते आणि तिची उरलेली जागा शांततेनं भरली जाते. सुरुवातीलाही थोडी शांतता जोडली जाते. सगळी मिळून सेकंदाचे काही शतांश, पण तबलजीचा कान तेवढ्यात समेवरून घसरतो. तोच लेहरा वेव्हमध्ये दिला आणि तो गोल फिरू लागला.

अर्ध्या तासाच्या कॅसेटच्या वेगवेगळ्या ओव्या करायच्या तर प्रत्येकीच्या सुरुवातीला लेबल लावायचं. कंट्रोल आणि ‘बी’ दाबून नाव टाइप करायचं. मग एक्स्पोर्ट करताना लेबलांप्रमाणे वेगळ्या फाइली करायला सांगितलं की एका फटक्यात सगळ्या निघतात, नावांसकट. देवनागरी नावं व्यवस्थित चालतात. त्याच वेळी नोंदींचे रकानेही भरता येतात: शीर्षक, गायक, वर्ष, शेरा. हे रकाने लोक रिकामे सोडतात आणि मला ते फार लागतं. ओव्यांच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात याचा वस्तुपाठ घालून दिलेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून काम करत गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि गाणारी कोण, गाव कुठलं, हे त्यांनी ओवीबरोबर टिपून ठेवलं. आज ते भांडार ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळावर आहे आणि त्यातली बाई नावानिशी भेटते.

माझ्या फाइलींचा गायकाचा रकाना अर्धाच भरला होता. आजीचं नाव लिहिलं. तिच्यासमोर बसून दर दुसरी ओळ उचलून धरणारी बाई कोण, हे कुणाला सांगता येईना. वडील नाहीत. आई त्या दिवशी स्वयंपाकघरात होती. शेवटी धाकट्या आत्याला फोन केला. हळदीच्या दिवशी ती चौदा वर्षांची होती आणि वैरण घालायला तीच बसली होती. तिला आधी पाठवली होती ती माझी पहिली, पुसलेली प्रत. ती म्हणाली, “आवाज कळत न्हाई रं, कुणाचा बी वाटतोय.” या वेळी जात्यासकट, सरसरीसकट असलेली फाइल पाठवली.

दहा मिनिटांत तिचा उलटा फोन आला. ती आवाजाबद्दल बोललीच नाही. “तिसऱ्या ओवीत ऐक,” म्हणाली, “खुंटा वळताना एक बांगडी दगडाला लागती. दर फेऱ्याला. ती मोठ्या चुलतीची. तिच्या डाव्या हातात चांदीची जाड बांगडी असायची, आन् आई तिला म्हणायची, काढून ठेव, जातं झिजवशील.”

मी तिसरी ओवी पुन्हा लावली. जातं घरघरतंय, आणि फेऱ्याच्या त्याच जागी, बारीक, किण्. गायकाच्या रकान्यात आजीच्या नावापुढे दुसरं नाव लिहिलं, शेऱ्यात बांगडीचं लिहिलं, आणि सगळ्या फाइली पुन्हा एकदा एक्स्पोर्ट केल्या.